अंगठा न देण्याची मोहीम

४ मार्च, मंगळवार

आज पाळणाघरात माझा पाणउतारा झाला. चारचौघांत. आणि त्या चारचौघांत माझा साडू होता.

कारण अगदी क्षुल्लक. पालकांची सभा सहाला होती, मी पावणेसातला पोचलो. मोबाइलवाल्याने स्क्रीनगार्ड तिरकं लावलं होतं, त्याला त्याची चूक पटवून देत होतो. माणसाला चूक पटायला वेळ लागतो. पोचलो तेव्हा चिमणी पायात बूट घालून संचालिकाबाईंच्या मांडीवर झोपली होती. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की बाबा, रोज तुमचीच मुलगी शेवटी उरते, दाराकडे बघत बसते, आणि आम्हालाही घरं आहेत. मग मला बसायला खुर्ची दाखवली. तीन वर्षांच्या मुलाची, हातवाली. बसलो. उठताना खुर्चीही उठली. साडूने ती मागून ओढून काढली. नंतर बराच वेळ हसत होता.

शिवाय 'बाबा' काय म्हणून? मी चिमणीचा बाबा, हिचा नव्हे. लिफ्ट कंपनीत मला साहेब म्हणतात. निदान एक जण म्हणतो.

या बाईचं नाव आजपासून हेडमास्तरीण. तिची जिरवल्याशिवाय राहणार नाही.

५ मार्च, बुधवार

बायकोला झाला प्रकार सांगितला. ती म्हणाली, मग उद्यापासून वेळेवर जा. मूळ मुद्दा तिच्या लक्षातच आला नाही.

तिच्याकडून अपेक्षाही नाही. ती सध्या हवेत आहे. हॉस्पिटलात डायलिसिसची यंत्रं चालवते, आणि जानेवारीपासून सकाळच्या शिफ्टची इन्चार्ज झाली आहे. कित्येक वर्षं त्या पदाची वाट पाहत होती. आता अंधारातच घराबाहेर पडते आणि अंधार पडल्यावर परतते. त्यामुळे चिमणीला पाळणाघरात सोडणं आणि आणणं माझ्याकडे. म्हणजे तिच्या इन्चार्जपदाचा खरा कणा मी. हे ती कुठे बोलून दाखवत नाही ते सोडा.

सुडाचे मार्ग. एक, पाळणाघर बदलणं. चौकशी केली. सगळीकडे प्रतीक्षा यादी, मूल शाळेत जायच्या वयाचं होईपर्यंत नंबर लागत नाही. दोन, हेडमास्तरणीला जाहीर सुनावणं. करता येईल, पण ती उलट बोलते. तीन, तिची आर्थिक नाडी शोधणं. हाच खरा मार्ग.

६ मार्च, गुरुवार

नाडी सापडली.

अर्धी रजा टाकून अनुदान कार्यालयात गेलो. काउंटरवर कुरळ्या केसांचा एक कारकून. त्याला म्हटलं, पाळणाघराच्या फीसाठी सरकार मदत करतं ती नेमकी कशी, एक पालक म्हणून मला समजून घ्यायचंय. खूश झाला बिचारा. त्याला कुणी कधी विचारत नसावं.

तो म्हणाला, आईबाप दोघंही कामावर असतील तरच मदत. दोघांची मिळकत बघून टक्का ठरतो. तेवढा वाटा सरकार भरतं, उरलेला पालक भरतात. (साडूचा टक्का माझ्याहून जास्त. विचारलं, का? म्हणाला, त्यांची मिळकत कमी. म्हणजे कमी कमवा आणि बक्षीस घ्या. साडूचं नाव वेगळ्या पानावर लिहून ठेवलं आहे.) पैसे पालकाच्या हातात येत नाहीत. थेट पाळणाघराच्या खात्यात जातात. पण मूल त्या दिवशी खरोखर आलं होतं याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे पालकाचा अंगठा. पाळणाघराच्या दारात यंत्र आहे, सकाळी सोडताना आणि संध्याकाळी नेताना त्यावर आईने किंवा बापाने अंगठा लावायचा. अंगठा नाही तर त्या दिवसाचे पैसे नाहीत.

अंगठा नाही तर पैसे नाहीत. हे वाक्य मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

तो पुढेही काही सांगत होता. मदत पाळणाघराची नसून मुलाच्या नावावर असते, अंगठा नसेल तर मूल गैरहजर धरतात, वगैरे. पण मला हवं ते मिळालं होतं. आभार मानून उठलो.

तर असं आहे. हेडमास्तरणीचा सगळा डोलारा माझ्या अंगठ्यावर उभा आहे, आणि मी आजवर तो सकाळ-संध्याकाळ फुकट देत होतो.

१० मार्च, सोमवार

मोहीम सुरू.

सकाळी चिमणीला दारात सोडलं. दोन्ही हात खिशात. पाळणाघरातली मदतनीस म्हणाली, अंगठा राहिला. ऐकू न आल्यासारखं करून निघालो. संध्याकाळीही हात खिशात. चिमणीने बोट धरायला हात मागितला, तिला म्हटलं, कोपर धर.

तसंही मी पदवीधर आहे. सही विचारली असती तर एक वेळ विचार केला असता. अंगठेबहाद्दर म्हणून हिणवतात त्यांच्या रांगेत मला उभं करायचं, हे सरकारला शोभत नाही. म्हणजे या मोहिमेला तात्त्विक बाजूही आहे.

११ मार्च, मंगळवार

मदतनीस आज यंत्र हातात घेऊनच उभी होती. खिसे पुरेनात. अंगठ्याला मार बसलाय असं सांगितलं. ऑफिसात जाऊन प्रथमोपचाराच्या पेटीतली चिकटपट्टी लावली. संध्याकाळी दाखवली. पुरावा म्हणजे पुरावा.

१२ मार्च, बुधवार

हेडमास्तरीण स्वतः दारात. म्हणाली, दुसऱ्या हाताचा अंगठाही चालतो, तुमच्या दोन्ही हातांची नोंद केलेली आहे. धूर्त आहे. दुपारी दुसऱ्या अंगठ्यालाही पट्टी.

१४ मार्च, शुक्रवार

आता म्हणते, कुठलंही बोट नोंदवता येतं, दोन मिनिटांचं काम आहे, बसा. बसा म्हणताना तिने तीच खुर्ची पुढे केली. मुद्दाम. नंतर म्हणाली, दुसरी नाहीये हो, सगळ्या छोट्याच आहेत. मी विश्वास ठेवला नाही.

तर्जनी, मधलं बोट, अनामिका, तिन्हींना पट्टी. दोन्ही हातांच्या. करंगळ्या दारात मुठीत दडवायच्या. खर्च माझा, पण सुडाला खर्च येतोच.

ऑफिसात टाइप करता येत नाही. कीबोर्डवर करंगळ्या चालवतो. दोन तक्रारींची उत्तरं एकमेकांच्या ग्राहकांना गेली. साहेबांनी विचारलं हाताला काय झालं. म्हटलं, घरगुती आहे. त्यांनी माझ्याकडे कणवेने पाहिलं. बायकोविषयी त्यांचं काहीतरी मत झालं असावं.

१६ मार्च, रविवार

सुट्टी. बायको घरी. माझे हात पाहून घाबरली. पहाटे मी झोपलेला असतो तेव्हा ती जाते, संध्याकाळी ती पेंगुळलेली असते, त्यामुळे आठवडाभर तिच्या लक्षात आलं नव्हतं. म्हटलं, लिफ्टच्या दारात सापडली बोटं. ती म्हणाली, तू तक्रार विभागात आहेस, लिफ्टच्या दाराजवळ कशाला गेलास? म्हटलं, तक्रारीच्या मुळाशी गेलो होतो.

पट्ट्या काढून बघू म्हणाली. सरळ नकार दिला, दुखतं म्हणून. मग तिने वरूनच हॉस्पिटलातली जाळीदार पट्टी गुंडाळली, एकेक बोट हलक्या हाताने धरून. चिमणीला सांगितलं, बाबांच्या हाताला धक्का लावू नकोस. दिवसभर मला भांडी घासू दिली नाहीत.

मोहिमेचे असे काही अनपेक्षित फायदेही आहेत.

१८ मार्च, मंगळवार

साडूला मोहिमेत ओढण्याचा प्रयत्न. त्याचा मोठा मुलगा आमच्याच पाळणाघरात, तेव्हा त्याच्याही हाती शस्त्र आहे. त्याला म्हटलं, सगळ्या पालकांनी अंगठा रोखला तर हेडमास्तरीण महिनाभरात नांगी टाकेल. तो म्हणाला, पण तिने तुझं वाकडं काय केलंय? म्हटलं, खुर्ची. तो पुन्हा हसायला लागला. शेवटी 'बघू' म्हणाला.

'बघू' म्हणजे नव्वद टक्के होकार.

२० मार्च, गुरुवार

परिणाम दिसू लागले. हेडमास्तरीण हवालदिल. आज फाटकापर्यंत मागे आली. म्हणाली, बाबा, दहा दिवस झाले, चिमणी रोज येते, जेवते, झोपते, आणि सरकारच्या लेखी ती आलेलीच नाही. आईला तरी पाठवा एक दिवस, त्यांचा अंगठाही चालेल. म्हटलं, आईला वेळ नसतो, आई इन्चार्ज आहे. म्हणाली, मग त्यांचा नंबर द्या, फॉर्मवर दोन्हीकडे तुमचाच आहे. तो दिला नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही हे तत्त्व.

फोनही येऊ लागलेत, तिचे आणि कुठल्यातरी सरकारी नंबरावरून. दोन्ही ब्लॉक केले. शत्रूच्या तोंडचं पाणी पळालेलं असताना त्याच्याशी बोलायचं नसतं.

संध्याकाळी पाहिलं, ती दारात बसून एका मुलाच्या नाकाखालचं पुसत होती. चेहरा उतरलेला. मनाला बरं वाटलं. फार बरं वाटलं. ऑफिसात अकरा वर्षं लोकांचं ऐकून घेतलं, कुणाला कधी उलट काही करता आलं नाही. आज पहिल्यांदा माझ्यामुळे कुणाची तरी झोप उडाली आहे.

२४ मार्च, सोमवार

आज धमकी. म्हणाली, सलग तीन आठवडे मूल गैरहजर दिसलं की कॉम्प्युटर नाव आपोआप काढतो, जागा यादीतल्या पुढच्या मुलाला देतो. या आठवड्यात एकदा तरी अंगठा लावा, एकच दिवस, मग मोजणी पुन्हा पहिल्यापासून होते. मी वरती अर्ज केलाय पण माझ्या हातात काही नाही.

मनात हसलो. धमक्यांच्या बाबतीत तिने मला शिकवावं? माझं पोट त्याच्यावर चालतं. 'थकबाकी न भरल्यास सेवा खंडित करण्यात येईल' हे पत्र मी अकरा वर्षं पाठवतो आहे. एकही लिफ्ट आजवर बंद झालेली नाही. आपोआप काही होत नसतं. प्रत्येक आपोआपच्या मागे एक माणूस बसलेला असतो आणि तो जेवायला गेलेला असतो.

ती विनवणी करते आहे याचा अर्थ ती खचली आहे. आता माघार घेणं म्हणजे हातात आलेला डाव सोडणं. तिने सगळ्या पालकांसमोर माफी मागावी. मग अंगठ्याचं बघू.

२८ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी निघताना हेडमास्तरणीने यंत्र माझ्यासमोर धरलं. चिमणीसुद्धा बघत होती. क्षणभर हात खिशातून निघाला होता.

तेवढ्यात साडू आला, अंगठा टेकवला, यंत्र टुंग वाजलं, आणि त्याने विचारलं, काय रे, खुर्ची बरी आहे ना? हात परत खिशात गेला. यात माझा दोष नाही. चिथावणी होती.

सोमवारपर्यंत ती शरण येईल. मॅडमना दुसरा मार्गच नाही. माफीचा मजकूर मीच तयार करून ठेवतो आहे, तिचा वेळ वाचेल.

३१ मार्च, सोमवार

सकाळी पोचलो. मदतनीस दारात आडवी. म्हणाली, नाव गेलं. कॉम्प्युटरने शनिवारी काढलं. आता आत घेता येत नाही, यादीत नसलेलं मूल तासभर जरी ठेवलं तरी पाळणाघराचा परवाना जातो. हेडमास्तरीण मागे उभी होती, तिचे डोळे लाल. म्हणाली, मी शुक्रवारपर्यंत सांगत होते हो बाबा.

म्हटलं, पूर्ण फी देतो, सरकारची मदत नको. म्हणाली, प्रश्न फीचा नाही, एका बाईमागे ठरलेली मुलं, आणि ती जागा दुसऱ्या मुलाला गेली. तीन आठवड्यांचे पैसे तिला सरकारकडून मिळाले नाहीत, ते नियमाने माझ्याकडून घ्यायचे असतात. ती म्हणाली, राहू द्या, मूल माझ्याकडेच होतं ना.

हे शेवटचं तिने मला खजील करण्यासाठी म्हटलं. मला कळत नाही असं नाही.

चिमणी दप्तर घेऊन फाटकाच्या आत जायला बघत होती. तिला उचलून ऑफिसात नेलं. तिने साहेबांच्या टेबलाखाली डबा खाल्ला. दुपारी साहेब म्हणाले, घरी जा, आणि घरचं नीट होईपर्यंत सावकाश या. मग तिला घेऊनच अनुदान कार्यालयात. कुरळ्या कारकुनाने ओळखलं. म्हणाला, मी तुम्हाला सांगत होतो त्या दिवशी, तुम्ही उठून गेलात. नवीन अर्ज भरा, यादीत शेवटी नाव लागेल. विचारलं, नंबर कधी येईल? म्हणाला, मुलगी किती वर्षांची? वय ऐकून त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

याचंही नाव वेगळ्या पानावर.

त्याच दिवशी, संध्याकाळी

बायकोला सांगितलं. सगळं सांगायचं नव्हतं, पण ती प्रश्न नेमके विचारते. मध्ये एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर मला उलट बोलता आलं असतं.

मग ती कात्री घेऊन आली, माझा हात पुढ्यात ओढला आणि एकेक पट्टी कापून काढली. आधी उजव्या हाताच्या, मग डाव्या. खाली सगळी बोटं धडधाकट, फक्त पांढरी पडलेली. ती एकेक बोट दाबून बघत गेली. म्हणाली, कुठंच लागलं नव्हतं. तेवढंच.

पट्ट्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या आणि उद्याच्या शिफ्टला येता येणार नाही म्हणून फोन केला. इन्चार्ज झाल्यापासूनची तिची पहिली रजा.

३ एप्रिल, गुरुवार

चिमणीची जागा कुणाला गेली ते कळलं. साडूच्या धाकटीला. तिचं नाव कधीपासून यादीत पहिलं होतं. म्हणून तो 'बघू' म्हणाला होता.

मेहुणी घरी येऊन रडली. म्हणाली, आम्ही जागा नको म्हणून सांगतो, ताई. बायकोने त्यासाठी कार्यालयात फोन लावला. ते म्हणाले, यांनी नको म्हटलं तर यादीतला दुसरा नंबर, तुम्हाला परत मिळणार नाही. मग बायकोच बहिणीला म्हणाली, घे, निदान घरात राहील. दोघींनी मिळून धाकटीचं दप्तर भरलं. चिमणीची जादा चादर त्यात घातली.

साडू आज हसला नाही. खाली बघून बसला होता. हा त्याचा नवा डाव असणार.

९ एप्रिल, बुधवार

मी बिनपगारी रजेवर. हे तात्पुरतं. चिमणीला सांभाळणं म्हणजे काही डोंगर उचलण्यासारखं नाही, नियोजन हवं. वेळापत्रक केलं: अक्षरओळख, चित्रकला, मोकळा खेळ, झोप. अक्षरओळखीला ती टेबलाखाली गेली. चित्रकला भिंतीवर झाली. झोप मला लागली.

नवा अर्ज भरला. कुरळ्याने परत केला. आईबाप दोघंही कामावर हवेत, आणि मी तर रजेवर. त्याला म्हटलं, मूल सांभाळायला कुणी नाही म्हणून रजेवर आहे, मूल ठेवायला जागा द्या, मी लगेच कामावर जातो. म्हणाला, कामावर जा, मग जागा मागा. तोवर मूल कुठे ठेवू ते सांगणं त्याच्या काउंटरवर येत नाही.

वरिष्ठांकडे तक्रार पाठवली. जहाल. तक्रार कशी लिहावी हे मला नाही तर कुणाला कळणार?

१५ एप्रिल, मंगळवार

उत्तर आलं. 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.' हे वाक्य मी रोज पाठवत असे. वाचताना माणसाला इतकी चीड येते याची कल्पना नव्हती.

२१ एप्रिल, सोमवार

बायकोने इन्चार्जपद सोडलं. पत्र तिने शुक्रवारीच दिलं होतं, मला आज सांगितलं, तेही मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तसं. आता ती रात्रपाळी करते. सकाळी येऊन झोपते, मग दुपारपासून चिमणी तिच्याकडे आणि मी अर्धा दिवस ऑफिसात. सकाळच्या शिफ्टला तिच्या हाताखालची मुलगी इन्चार्ज झाली. तिला काय काय समजावून सांगितलं ते बायको मेहुणीला फोनवर सांगत होती. माझ्याशी ती बोलते. विचारलं तर उत्तर देते.

मी तिला म्हटलं, हेडमास्तरीण, कुरळ्या आणि साडू, तिघांनाही मी सोडणार नाही, तुझ्या पदाचं उट्टं काढीन. ती म्हणाली, नको. तू काही करू नकोस. एवढं कर.

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी बायको आतल्या खोलीत झोपलेली. चिमणी उठल्याबरोबर स्वतःच बूट घालून, दप्तर लावून गॅलरीत जाऊन उभी. तिथून पाळणाघराचं फाटक दिसतं. रोज हेच. तिला हळू आवाजात समजावलं की पाळणाघर बंद झालंय, बाई गावाला गेल्या, आता ते उघडणार नाही.

ती म्हणाली, उघडं आहे. बाईंनी आत्ताच आपल्या बाळाला उचलून घेतलं.

बाळ म्हणजे साडूची धाकटी. मी पाहिलं. खरंच होतं.

गॅलरीला जाड पडदा लावायला हवा. उद्या मोजमाप घेतो.